अर्नेस्ट सॉल्व्हे

धुण्याचा सोडा आपल्या नित्य परिचयाचा आहे. भजी हलकी व्हावीत म्हणून पिठात चिमूटभर घालतात तो खाण्याचा सोडा हा त्याचाच धाकटा भाऊ. खिडकीचे तावदान, औषधाची बाटली, साबण, कागद अशा कितीतरी वस्तूंच्या निर्मितीत सोड्याचा उपयोग होतो. काचेच्या भट्टीत वाळूबरोबर सोडा घातला नाही, तर वाळू वितळविण्यासाठी फार मोठी उष्णता द्यावी लागेल आणि काच महाग होऊन बसेल. अशा या बहुगुणी पदार्थाचे उत्पादन शंभराहून अधिक वर्षे जगात मुख्यत्वे ज्या रीतीने होत आले, ती रीत कारखान्यात प्रथम यशस्वी करून दाखविणारा मनुष्य कोणत्याही विद्यापीठाचा पदवीधर नव्हता. महाविद्यालयाची पायरीदेखील त्याला चढता आली नव्हती. त्याचे नाव अर्नेस्ट सॉल्व्हे.

बेल्जियम हा युरोपातील एक लहानसा देश. त्या देशातील रेबेक नावाच्या गावी १६ एप्रिल १८३८ रोजी अर्नेस्टचा जन्म झाला. त्याचे वडील आलेक्सांद्र सॉल्व्हे हे दगडाच्या खाणींचे व मीठ शुद्ध करण्याचे काम करीत. घरी मिठाचा व्यवसाय असल्यामुळे खारे पाणी, ते आटविण्याच्या कढया आणि त्यांतून वर येणारे पांढरे स्फटिक या गोष्टी अर्नेस्टने लहानपणापासून पाहिल्या होत्या. मुलगा बुद्धिमान होता. पदार्थविज्ञान व रसायन या विषयांची त्याला मनापासून गोडी होती. शाळा संपली की विद्यापीठात जावे आणि शास्त्राचा अभ्यास करावा, असा त्याचा बेत होता. परंतु नेमक्या त्याच वेळी फुप्फुसाच्या आवरणाला सूज येऊन तो गंभीर आजारी पडला. दुखण्यातून तो उठला खरा, पण विद्यापीठाचा मार्ग त्याला बंद झाला. हळहळत बसण्याऐवजी तो वडिलांच्या व्यवसायात लक्ष घालू लागला. शास्त्राची पुस्तके मात्र त्याने खाली ठेवली नाहीत.

एकविसाव्या वर्षी अर्नेस्ट ब्रुसेल्स शहराजवळ आपल्या काकांच्या गॅसच्या कारखान्यात कामाला गेला. त्या काळी विजेचे दिवे नव्हते. शहरातील रस्त्यांवर दगडी कोळशापासून काढलेल्या गॅसचे दिवे जळत. आपल्या मुंबईच्या रस्त्यांवरही १८६५ पासून असे दिवे लागू लागले. हा गॅस करण्यासाठी कोळसा बंद भांड्यात तापवीत. त्यातून निघणारा धूर म्हणजे अनेक वायूंचे मिश्रण असे. त्यात जळणारे वायू असत, तसाच डोळ्यांना झोंबणारा, उग्र वासाचा अमोनिया वायूही असे. दिव्यांना अमोनिया नको असे. तेव्हा हे वायूंचे मिश्रण पाण्यातून नेत आणि त्यातील अमोनिया धुऊन काढीत.

पाण्याने वायू धुणे ही गोष्ट प्रथम ऐकताना चमत्कारिक वाटते. पण साखर जशी पाण्यात विरघळते, तसे वायूही विरघळतात. गोटी सोड्याची बाटली फोडताच फसफसून वर येणारे बुडबुडे हे पाण्यात दाबून विरघळविलेल्या कार्बन डायऑक्साइड वायूचेच असतात. मात्र सर्व वायू सारख्याच प्रमाणात विरघळत नाहीत. नेहमीच्या तापमानाला एक लिटर पाणी कित्येकशे लिटर अमोनिया सहज सामावून घेते. कार्बन डायऑक्साइड घेते तो सुमारे एकच लिटर. आणि नायट्रोजन तर पेल्याच्या तळाशी मावेल एवढाच. त्यामुळे मिश्र वायू पाण्यातून नेला, की पाणी जणू त्यांतला एकच निवडून घेते आणि बाकीच्यांना पुढे जाऊ देते. चाळणीने कोंडा व पीठ वेगळे करावे, तसे द्रवाने वायू वेगळे करता येतात. या क्रियेला शोषण असे म्हणतात. पुढे तो द्रव तापविला, की शोषलेला वायू पुन्हा बाहेर पडतो आणि वेगळा गोळा करता येतो.

काकांच्या कारखान्यात अर्नेस्टला याच कामाचा अनुभव मिळाला. वायू धुतलेल्या पाण्यात अमोनिया थोडा व पाणी फार, म्हणून ते दूर पाठविणे परवडत नसे. त्यातील अमोनिया तापवून बाहेर काढावा आणि थोड्याच पाण्यात पुन्हा शोषून घ्यावा, म्हणजे माल दाट होईल, यासाठी त्याचे प्रयोग चालू होते. वायू द्रवात कसा शिरतो, कसा बाहेर पडतो आणि जराशा फटीतून कसा निसटून जातो, हे त्याने तेथे डोळ्यांनी पाहिले व नाकाने अनुभवले. विद्यापीठाने जे शिकविले असते, त्याहून निराळे आणि पुढे फार मोलाचे ठरलेले असे हे शिक्षण होते.

हे प्रयोग करीत असताना १८६१ मध्ये त्याला एक विलक्षण गोष्ट आढळली. मिठाच्या पाण्यात अमोनिया विरघळवून त्यात कार्बन डायऑक्साइड सोडला असता तळाशी पांढरा साका बसे. तो साका म्हणजे खाण्याचा सोडा होता. तो भाजला, की त्यातून कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ निघून जाई आणि धुण्याच्या सोड्याची कोरडी भुकटी मागे राही. मीठ सोलून सोडा करण्याचा हा किती सोपा मार्ग! १५ एप्रिल १८६१ रोजी, म्हणजे आपल्या तेविसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, अर्नेस्ट सॉल्व्हे यांनी या कृतीचा हक्क आपल्या नावे नोंदविला.

या शोधाचे महत्त्व समजण्यासाठी त्या काळी सोडा कसा करीत, हे पाहिले पाहिजे. फ्रान्समधील निकोलस लेब्लांक यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस शोधलेली रीत सर्वत्र चालू होती. तीत मिठावर गंधकाचे आम्ल घालीत. त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाचा दाहक वायू निघे, आणि तो धुराड्यांतून खुशाल हवेत सोडून देत. कारखान्यांच्या आसपासची झाडे करपून जात, शेते ओसाड होत, लोकांना खोकला लागे. मागे उरलेल्या गाळाचे ढीग नासक्या अंड्यांसारखी दुर्गंधी पसरवीत. इंग्लंडमधील विल्यम गॉसेज यांनी १८३६ मध्ये एका मनोऱ्यात खालून हा वायू व वरून पाणी सोडून तो पाण्यात शोषून घेण्याची युक्ती काढली होती. पण पुष्कळ कारखानदारांनी तिच्याकडे काणाडोळा केला. अखेर १८६३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटला कायदा करून, या वायूचे शंभरातील पंचाण्णव भाग तरी अडविलेच पाहिजेत, असे बंधन घालावे लागले. सॉल्व्हे यांच्या रीतीत हा दाहक वायू मुळी निर्माणच होत नव्हता.

तरुण संशोधकाच्या मनात मोठ्या आशा उभ्या राहिल्या. पण लवकरच त्यांना एक जबर धक्का बसला. आपण लावलेला शोध नवा नाही, असे त्यांना कळून आले. फ्रान्सचे प्रख्यात शास्त्रज्ञ ओग्युस्तँ फ्रेनेल यांना ही क्रिया १८११ मध्येच, म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी, माहीत होती. त्यानंतर इंग्लंड व फ्रान्स या देशांतील अनेकांनी तिच्यावर कारखाने काढण्याचा यत्न केला होता. पॅरिसजवळ प्युतो येथे श्लेसिंग आणि रोलाँ या जाणत्या गृहस्थांनी काढलेला कारखाना काही वर्षांतच बंद पडला होता. एवढ्या विद्वानांना जे साधले नाही, ते महाविद्यालय न पाहिलेल्या एका तरुणाला कसे साधणार? दुसरा कोणी असता तर त्याने येथेच हात टेकले असते.

सॉल्व्हे यांनी वेगळा विचार केला. परीक्षानळीत जी क्रिया हटकून घडते, ती कारखान्यात का फसते, हे त्यांनी शोधण्यास आरंभ केला. अपयशाचे मूळ त्यांना रसायनात आढळले नाही. ते वायू हाताळण्यात आढळले. अमोनिया हा सोड्यापेक्षा महाग होता. ज्या उपकरणातून तो थोडा थोडा निसटे, त्या उपकरणातून कारखान्याचे भांडवलच हवेत उडून जाई. शिवाय कार्बन डायऑक्साइड पिंपातील द्रवातून नुसता सोडला, तर मोठमोठे बुडबुडे झरझर वर येऊन निघून जात आणि बराचसा वायू शोषला न जाताच वाया जाई. म्हणजे प्रश्न एवढाच होता, की वायू व द्रव यांची पुरेशी भेट कशी घडवावी आणि वायूचा कणही बाहेर कसा जाऊ देऊ नये. हा प्रश्न दिसायला साधा, पण सोडविण्यास कठीण होता.

अर्नेस्ट यांच्या मदतीला त्यांचा धाकटा भाऊ आल्फ्रेड धावून आला. घरच्या मंडळींनी आपली शिल्लक पुढे केली. एदोर पिरमे या वकिलांनी ओळखीच्या लोकांकडून भांडवल मिळवून दिले. डिसेंबर १८६३ मध्ये सॉल्व्हे आणि कंपनी स्थापन झाली आणि शार्लरवा शहराजवळ कुईये या गावी कारखान्याची उभारणी सुरू झाली. १८६५ मध्ये सोडा तयार होऊ लागला. परंतु लक्ष्मी प्रसन्न होण्याची चिन्हे दिसेनात. आज एक नळ तुंबे, उद्या दुसरे यंत्र मोडे. सोड्याचे बारीक स्फटिक नळ्यांत साचून वाट अडवीत. माल थोडा व खर्च अफाट, अशी स्थिती झाली. घरातील सर्व पुंजी या कारखान्यात अडकली होती. कारखाना बुडता तर दोन भावांबरोबर वृद्ध आईवडीलही उघड्यावर आले असते. पण घरच्यांनी पुन्हा एकवार धीर दिला आणि आणखी पैसाही उभा केला. दोघे भाऊ कारखान्यातच रात्रंदिवस राबू लागले. आल्फ्रेडने व्यवस्था पाहावी आणि अर्नेस्टने यंत्रांतील एकेक दोष हुडकून काढावा, असा क्रम चालू राहिला.

या अविश्रांत श्रमांतून जे उपकरण सिद्ध झाले, ते सॉल्व्हे यांचा मनोरा या नावाने प्रसिद्ध आहे. लोखंडाची मोठमोठी कडी एकावर एक रचून हा उंच मनोरा उभा करतात. त्याच्या आत मजल्यामागून मजले असतात, आणि प्रत्येक मजल्यावर भोके पाडलेली, घुमटासारखी तबकडी असते. अमोनिया पोटात घेतलेले मिठाचे पाणी मनोऱ्याच्या वरच्या भागातून खाली उतरू लागते. तळातून वायू वर चढू लागतो. हा वायू चुनखडीच्या भट्टीतून आणलेला असतो; त्यात कार्बन डायऑक्साइड असतो, पण निम्म्याहून अधिक नायट्रोजनच असतो. मजल्यामजल्यावर वर चढणारा वायू आणि खाली उतरणारा द्रव एकमेकांना सामोरे येतात. तबकडीच्या भोकांतून जाताना वायूचे बारीक बारीक बुडबुडे होतात आणि त्यांचा द्रवाशी पुनःपुन्हा संबंध येतो. साध्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड थोडाच विरघळतो. पण अमोनिया त्याला घट्ट धरून ठेवतो. म्हणून वर जाता जाता कार्बन डायऑक्साइड द्रवात शिरतो आणि ज्याला कोणी धरीत नाही तो नायट्रोजन माथ्यावरून बाहेर पडतो. जाता जाता त्याने थोडा अमोनिया बरोबर नेलाच, तर तो मिठाच्या ताज्या पाण्याने धुऊन परत घेतात. मनोऱ्यात उष्णता निर्माण होते, आणि उष्ण द्रव वायू धरून ठेवीत नाही. यासाठी खालचे मजले गार पाण्याने थंड राखतात. तळाशी येईपर्यंत द्रव दुधासारखा पांढरा होतो. तो गाळला, की सोडा हाती येतो.

येथे काम निम्मेच झाले. सोडा गाळून उरलेल्या पाण्यात अमोनिया नवसागराच्या रूपाने अडकून राहिलेला असे. भांड्यांना कल्हई करताना कल्हईवाला तापल्या भांड्यावर जी पांढरी पूड टाकतो, तोच हा नवसागर. चुनखडीच्या भट्टीतून वायू निघाल्यावर कळीचा चुना उरतोच. तो भिजवून या पाण्यात मिसळला आणि ते वाफेने तापविले, की सगळा अमोनिया मोकळा होतो. तो मिठाच्या नव्या पाण्यात शोषून पुन्हा मनोऱ्यात पाठवितात. रहाटगाडग्याचे पोहरे पाणी ओतून पुन्हा त्याच विहिरीत उतरतात, तसा हा अमोनिया कारखान्यात सारखा फिरत राहतो. खर्च होते ती फक्त मीठ, चुनखडी आणि जळण. जे धन पूर्वीच्या कारखानदारांच्या हातून हवेत उडून गेले, ते सॉल्व्हे यांनी घराबाहेर पडूच दिले नाही. त्यांच्या यशाचे सारे मर्म येथे आहे.

आता कारखान्याला बरे दिवस आले. सॉल्व्हे यांचा सोडा लेब्लांकच्या सोड्याहून शुद्ध असे आणि स्वस्तही पडे. इतर देशांतील उद्योजक कुईयेकडे येऊ लागले. लुडविग मोंड यांनी सॉल्व्हे यांच्याकडून परवाना घेतला आणि १८७३ मध्ये जॉन ब्रनर यांच्याशी भागीदारी करून इंग्लंडमध्ये विनिंग्टन येथे कारखाना काढला. फ्रान्समध्ये दोंबाल येथे विशाल कारखाना उभा राहिला. १८८१ मध्ये अमेरिकेतील सिराक्यूज शहरी कंपनी निघाली आणि तिच्या कारखान्याभोवती वसलेल्या वस्तीला सॉल्व्हे हेच नाव पडले. जर्मनी, ऑस्ट्रिया, रशिया या देशांतही मनोरे उभे राहिले. सोडा स्वस्त झाला, त्यामुळे काच व साबण गरिबांच्या घरी पोहोचले. विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत लेब्लांकच्या पद्धतीचे कारखाने जवळजवळ नामशेष झाले.

सॉल्व्हे अतिशय धनवान झाले. पण आपले शिक्षण अपुरे राहिले ही खंत त्यांच्या मनातून गेली नसावी, असे त्यांच्या पुढील आयुष्यावरून वाटते. ब्रुसेल्स येथे त्यांनी शरीरशास्त्र व समाजशास्त्र यांच्या संशोधनासाठी संस्था स्थापन केल्या आणि १९०३ मध्ये व्यापाराचे उच्च शिक्षण देणारी शाळा काढली. कायद्याची वाट न पाहता त्यांनी आपल्या कामगारांसाठी निवृत्तिवेतन, आठ तासांचा दिवस आणि पगारी रजा या सोयी केल्या. बेल्जियमच्या सिनेटचे सभासद म्हणूनही त्यांनी काम केले.

१९११ च्या शरद ऋतूत त्यांच्या निमंत्रणावरून ब्रुसेल्समधील मेट्रोपोल हॉटेलात जगातील थोर पदार्थवैज्ञानिकांची परिषद भरली. हेंड्रिक लोरेंट्झ तिचे अध्यक्ष होते. मॅक्स प्लांक, मेरी क्यूरी, अर्नेस्ट रदरफर्ड आणि त्या वेळी अवघ्या बत्तीस वर्षांचे असलेले आल्बर्ट आइन्स्टाइन एका मेजाभोवती बसले. प्रकाश व उष्णता यांविषयी जे नवे प्रश्न उभे राहिले होते, त्यांची तेथे चर्चा झाली. पुढे या परिषदा नेमाने भरत राहाव्यात म्हणून सॉल्व्हे यांनी १९१२ मध्ये पदार्थविज्ञानासाठी आणि १९१३ मध्ये रसायनशास्त्रासाठी आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन केल्या. ज्याला विद्यापीठाचे दार बंद झाले होते, त्याच्या घरी जणू विद्यापीठांचे मुकुटमणी पाहुणे म्हणून आले.

दुखण्यामुळे ज्याचा श्वास तरुणपणीच कोंडला होता, तो हा मनुष्य पुढे गिर्यारोहणाचा मोठा चाहता झाला. आल्प्स पर्वतातील मॅटरहॉर्न या दुर्गम शिखराच्या वाटेवर, सुमारे चार हजार मीटर उंचीवर, वादळात सापडलेल्या गिर्यारोहकांसाठी एक निवारा आहे. तो सॉल्व्हे यांच्या देणगीतून बांधलेला असून त्यांचेच नाव त्याला दिलेले आहे.

२६ मे १९२२ रोजी वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी सॉल्व्हे यांचे निधन झाले. त्यांची रीत सर्वस्वी निर्दोष होती असे नाही. तीत उरणारे कॅल्शियम क्लोराइडचे पाणी नदीत वा समुद्रात सोडावे लागे आणि त्याची विल्हेवाट हा पुढेही एक प्रश्न राहिला. तरीही ती रीत दूरदूर पसरली. आपल्या देशात सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरील मिठापूर येथे १९३९ मध्ये स्थापन झालेल्या टाटा केमिकल्सने याच रीतीने समुद्राच्या मिठापासून सोडा केला.

आणि मनोऱ्याची ती कल्पना तर सोड्यापुरतीही राहिली नाही. वरून द्रव, खालून वायू ही योजना असंख्य कारखान्यांत वापरली गेली. आज हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढून पृथ्वी तापत आहे. तेव्हा धुराड्यातून जाणाऱ्या धुरातील हा वायू द्रवात शोषून वेगळा काढावा, यासाठी जगभर खटपट चालू आहे. तमिळनाडूतील थूथुकुडी येथील सोड्याच्या कारखान्यात २०१६ मध्ये असा प्रयोग सुरू झाला. बाष्पकाच्या धुरातील कार्बन डायऑक्साइड द्रवाने पकडायचा आणि त्याचाच सोडा करायचा, अशी ती योजना होती.

सॉल्व्हे यांच्या आधी पन्नास वर्षे ती रासायनिक क्रिया जगाला ठाऊक होती. त्यांच्याहून अधिक शिकलेल्या माणसांनी ती हाती घेतली आणि सोडून दिली. सॉल्व्हे यांनी ती सोडली नाही. जे निसटते आहे ते नेमके कोठून निसटते, हे ते चिकाटीने शोधीत राहिले आणि एकेक फट बुजवीत गेले. ज्ञान अनेकांपाशी असते. त्याला अशा चिकाटीची जोड मिळते, तेव्हाच ते लोकांच्या उपयोगी पडते.